पॉलिशच्या डब्यातलं मीठ

बाई गेली एकवीस वर्षं सातवीला इतिहास शिकवत होत्या. दर वर्षी विहिरींचा धडा आला की त्या पुस्तक मिटून ठेवत. फार पूर्वी एका गावाने नदीपलीकडच्या वस्तीच्या विहिरींत विष कालवलं, दोनशे माणसं मेली, एवढाच तो धडा. "आता सांगा, मारलं कोणी?" बाई विचारत. हुकूम देणाऱ्याने, विष कुटणाऱ्याने, पोती वाहणाऱ्याने, मुलं हिरिरीने सांगत. बाई सगळं फळ्यावर लिहीत, कोणालाच खोडत नसत. मग म्हणत, "त्याआधी गावाची सभा झाली होती. तिथे हात वर झाले होते. ते कुठे लिहायचे?" वर्ग गप्प व्हायचा. त्या गप्प होण्यासाठीच तर बाई हा धडा शिकवत.

दारूबंदी आली तेव्हा त्यांना मनापासून आनंद झाला. वडिलांनी पिऊन पिऊन घराची धूळधाण केलेली त्यांनी पाहिली होती. आईच्या कपाळावरची खोक फडक्याने दाबून बसल्या होत्या. बंदी समितीवर बोलावणं आलं तेव्हा त्या एका पायावर तयार झाल्या. दुकानं बंद झाली, रस्ता काही महिने शांत राहिला. मग लोक मिळेल ते प्यायला लागले. फर्निचरच्या पॉलिशचं स्पिरिटसुद्धा.

समितीच्या बैठकीत अध्यक्ष साहेब चहा फुंकत म्हणाले, "कोणी पिऊ नये म्हणून त्या स्पिरिटमध्ये थोडं विष असतंच. आता चौपट टाकणार. चार जणांना भोवलं की चाळीस सुधारतील."

"मग डब्यावर तसं लिहायला हवं," बाई म्हणाल्या.

"लिहिणार ना. पण जुना माल संपू दे, नाहीतर लोक तोच दडवून ठेवतील. महिनाभर तोंडावर बोट, बाई. तुम्हाला वर्गात सवय आहेच."

सगळे हसले. हात वर झाले. बाईंचाही झाला.

त्यांचा धाकटा भाऊ फर्निचरला पॉलिश करायचा. पण त्याने दारू सोडली होती. बंदी आली त्याच दिवशी ताईची शपथ घेतली होती. कारखान्यात त्याला सगळे आरसा म्हणत, कारण त्याने हात फिरवलेल्या टेबलात चेहरा दिसायचा. शपथ त्याने चार महिने पाळली. मग इतर पॉलिशवाले करत तेच तोही करू लागला. डब्यात मूठभर मीठ टाकायचं, काठीने ढवळायचं. पॉलिशमधली लाख गोळा होऊन तळाशी बसते, वरचं फडक्यातून गाळून घ्यायचं. लाखेबरोबर विषही खाली बसतं, असा त्यांचा पक्का समज. जुन्या मालात विषच इतकं थोडं होतं, की हा समज कधी खोटा पडला नव्हता. बाकीचे कारखान्यातच पीत. आरसा घरी नेऊन एकटा प्यायचा. बहीण समितीवर, चारचौघांत प्यायची सोय नव्हती.

बैठकीनंतर सोळाव्या दिवशी शाळेत निरोप आला. बाई दवाखान्यात पोचल्या तेव्हा भर दुपार होती. ऊन थेट त्याच्या तोंडावर पडलं होतं, आणि तो डोळे सताड उघडे ठेवून खाटेशेजारच्या टेबलाची कड चाचपत होता.

"ताई ना? चालण्यावरून ओळखलं. याला कोणी पॉलिश केलंय गं? नुसतं थापलंय."

"तुला दिसत नाहीये?"

"धुकं आहे सगळं. रागावू नकोस. मीठ कमी पडलं बहुतेक. माझीच चूक."

डॉक्टरीणबाई त्यांना बाहेर घेऊन गेल्या. "या विषावर उतारा म्हणजे शुद्ध दारूच. आमच्या कपाटात असायची. बंदीच्या पहिल्याच महिन्यात समितीची माणसं उचलून घेऊन गेली. दुसरं औषध मागवलंय, पण ते उद्या येणार." त्यांनी घड्याळाकडे पाहिलं.

बाई परत आत आल्या. गप्प बसणं सोपं होतं. त्याने चूक स्वतःकडे घेतली होती, आणि ती घेऊनच तो गेला असता.

"मीठ बरोबर होतं," त्या म्हणाल्या. "विष वाढवलंय. ते मिठाने जात नाही. मला माहीत होतं. मीही हात वर केला होता."

टेबलाच्या कडेवरची बोटं थांबली.

"मग सांगितलं का नाहीस?"

"कोणाला सांगायचं नाही असं ठरलं होतं. आणि मला वाटलं, तू सोडलीस."

"लपवाछपवीत आपण दोघंही हुशार," असं तो पुटपुटला आणि एकदम उठायची धडपड करू लागला. "नव्या मालातला डबा मी काल घरी नेला, कारखान्यात तसलाच आज उघडतील. चारला काम सुटतं. ताई, बाकीचे पितील."

"मी फोन करते."

"यंत्रांच्या आवाजात कोणाला ऐकू जातोय? तू जा."

"तुला असं सोडून?"

"जा गं."

बाई गेल्या. धावायची सवय नव्हती, तरी धावल्या. कारखान्यात उस्ताद, म्हणजे तिथले सगळ्यांत जुने कारागीर, डबा ढवळतच होते. बाईंनी त्यांच्या हातातली काठी धरली.

"असू द्या, बाई," उस्ताद ओशाळून म्हणाले. "मीठ टाकलंय, काही होत नाही."

बाईंनी सगळं सांगितलं. आरशाचे डोळे, चौपट विष, साहेबांचा चहा, स्वतःचा हात. कोणीतरी यंत्र बंद केलं.

"हे तुम्हाला कधीपासून माहीत होतं?" उस्तादांनी विचारलं.

"सोळा दिवस."

कोणी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बाईंना बरं वाटलं असतं. उस्तादांनी डबा मागच्या मातीत उपडा केला आणि साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले.

"त्याच्याजवळ कोण आहे आत्ता?"

"कोणी नाही."

"मग चला."

ते पोचले तेव्हा नर्स खाटेभोवतीचा पडदा ओढत होती. "जाऊन दहा मिनिटं झाली," ती म्हणाली. "सारखं विचारत होते, ताई पोचली का, ताई पोचली का."

"तुम्ही काय सांगितलंत?"

"मला कुठे माहीत होतं, तुम्ही कुठे गेलात ते. येतील म्हटलं."

उस्ताद चपला काढून आत गेले. बाई पडद्याबाहेर उभ्या राहिल्या. त्यांना आत या असं कोणी म्हटलं नाही, येऊ नका असंही कोणी म्हटलं नाही.