पडला तो धरणारा

सहदेव परबाने तिसरा फुगा तोंडाला लावला, डोळे मिटले आणि जमेल तेवढी हवा आत सोडली. फुगा पेरूएवढा झाला. तेवढ्यात उजव्या कुशीत कळ आली, ओठ सैल पडले, आणि फुग्याने घेतलेली सगळी हवा त्याच्याच तोंडावर परत केली.

नळावरून हंडा घेऊन येणाऱ्या शांताबाई त्याच्या दारात थांबल्या.

“कोणाचो वाढदिवस रे?”

“डॉक्टरांनी सांगितलंय, काकी. पडून राहिलं की फुप्फुसं आळशी होतात म्हणे. रोज दहा फुगे.”

“फुप्फुसांचा काय घेवन बसलंस,” शांताबाई म्हणाल्या. “गिरण बंद पडल्यापासून...”

वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. हंडा कमरेवर नीट घेतला आणि अशा काही चालीने निघून गेल्या की ते पुरं करायची गरजच उरली नाही.

मरोळच्या त्या चाळीत सहदेवच्या दुखण्याला म्हणावा तसा मान मिळालाच नाही. पहिल्या दिवशी लोक मोठ्या उमेदीने भेटायला आले होते, अर्धा डझन मोसंबीही आली होती. पण एक्स-रेमध्ये हाडं शाबूत निघाली. फासळ्यांना मुका मार आहे, डॉक्टर म्हणाले; सहा आठवडे वजन उचलू नका, पळू नका, हसणं आणि शिंकणं शक्यतो टाळा, श्वास मात्र खोल घेत राहा. प्लास्टर नाही, टाका नाही, साधी पट्टीसुद्धा नाही. दाखवण्यासारखं काहीच नसल्यामुळे मंडळींचा हिरमोड झाला. आणलेली मोसंबी परत नेणं बरं दिसत नाही म्हणून ती राहिली, एवढंच.

शिमग्याला होळीभोवती सगळी चाळ घसा फोडत असताना सहदेव तोंडापुढे नुसता हात हलवत उभा राहिला. आवाज काढायची सोय नव्हती. चाळीत मुकी बोंब कुणी मारलेली ती पहिलीच.

लागलं कसं, याचं उत्तर त्याने चाळीला एकच दिलं होतं: जोर मारताना. खरी गोष्ट तो आणि त्याची बायको सुगंधा, दोघांनाच ठाऊक होती.

सुगंधाला पार्ल्याच्या सरकारी दूध केंद्रावर काम मिळालं होतं. एक एप्रिलपासून रुजू व्हायचं. केंद्र पहाटे साडेचारला उघडायचं, पहिली बस पाचनंतर, आणि पायी जायचं तर तास लागायचा.

“मग सायकलने जाईन,” सुगंधा म्हणाली होती, जशी काही ती पाळण्यापासून सायकलवरच वाढली होती. वय बेचाळीस. सायकलशी संबंध एवढाच की लहानपणी देवगडला मामाने एकदा पुढच्या दांडीवर बसवून फिरवलं होतं.

त्यांनी भंगारवाल्याकडून एक जुनी लेडीज सायकल घेतली आणि चाळीत न आणता आरे कॉलनीच्या तोंडाशी चंद्रप्रकाशच्या तबेल्यात ठेवली. सुगंधाची अट होती.

“मला येईपर्यंत कुणाला कळता कामा नये. मी एकदा पडले तर ही चाळ दहा वर्षं हसेल.”

हा हिशोब काही चुकीचा नव्हता. पहिल्या मजल्यावरच्या माणिकभाऊंचं धोतर सत्तर साली सुटलं होतं आणि चौऱ्याऐंशी उजाडलं तरी ते चाळीने पुरतं नेसू दिलं नव्हतं.

मग रोज पहाटे पाचला दोघं फिरायला म्हणून निघायची. झाडीतल्या मोकळ्या रस्त्यावर सुगंधा पॅडल मारायची आणि सहदेव मागचा कॅरियर धरून वाकून पळायचा.

“धरलंत ना हो?”

“धरलंय गं.”

बावीस वर्षं साच्यावर कापड विणलेला तो माणूस. संप झाला, गिरणी गेली, तेव्हापासून कुठे चार दिवस वॉचमन, कुठे आठ दिवस हमाली, बाकी कठड्याला टेकून उभं राहणं. लोक विचारायचे, सध्या काय करतोस रे, आणि तो मान खाजवायचा. पण त्या दोन आठवड्यांत पहाटे पाच ते साडेसहा त्याला उत्तर ठाऊक होतं. तो धरत होता.

पंधराव्या दिवशी रस्त्यात म्हैस आली. ब्रेक कसा दाबायचा हे सुगंधा आदल्याच दिवशी शिकली होती. तिने तो सुरेख दाबला. मागून वाकून पळणाऱ्या सहदेवला मात्र असा ब्रेक नव्हता. कॅरियरचा कोपरा त्याच्या फासळ्यांत बसला. म्हैस पडली नाही, सायकल पडली नाही, सुगंधाही पडली नाही. पडला तो धरणारा.

कुशीला हात लावून, वाकडा होऊन तो चाळीत शिरला तेव्हा नळावर अजून बायका होत्या. काय झालं, काय झालं, सगळ्यांनी विचारलं. सहदेवने सुगंधाकडे पाहिलं. सुगंधाने जमिनीकडे पाहिलं.

“जोर मारत होतो,” सहदेव म्हणाला.

या एका वाक्याने चाळीत कुणाचं भलं झालं असेल तर ते अण्णा राण्यांचं. मारुतीच्या देवळामागे त्यांची व्यायामशाळा होती. एके काळी तिथे चाळीस जण घुमायचे. आता एक कॅरमबोर्ड होता, आणि तोही एका बाजूला उतरता. पन्नाशीला टेकलेला माणूस पहाटे उठून आरेच्या रानात एकटा जोर मारतो, हे ऐकून अण्णांचे डोळे पाणावले. ते काठी टेकत भेटायला आले.

“किती मारायचास?”

“मोजले नाहीत, अण्णा,” सहदेव म्हणाला. हे खरंच होतं.

“मोजत नाही तोच खरा गडी.” अण्णांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. सहदेवला दोन मिनिटं श्वास आला नाही. “घाबरू नको. मी तुला पुन्हा उभा करतो. हळद घालून दूध घ्यायचं, पण बाटलीतलं नाही. तबेल्यात जाऊन, समोर काढलेलं. सुगंधा, आणशील ना गं?”

अण्णांचं कुठलंच म्हणणं सुगंधाने आजवर ऐकलं नव्हतं. उलट त्यांच्या काढ्यांची ती नक्कल करायची.

“आणीन की,” ती म्हणाली. “रोज आणीन.”

सहदेवला जरा नवल वाटलं. पण नवल वाटून घ्यायलाही छाती भरून यावी लागते, आणि तेवढी त्याची ताकद नव्हती.

सुगंधा रोज पाचला बरणी घेऊन बाहेर पडायची आणि साडेसहाला घामाघूम होऊन परतायची.

“अर्ध्या लिटरला दीड तास?” सहदेवने एकदा विचारलं.

“म्हशीला माझं घड्याळ कळत नाही.”

“आणि लुगड्याला हे काळं काय?”

“तबेला आहे तो. तिथे काय अत्तर लागणार आहे?”

सहदेवचं लक्ष भिंतीवरच्या कॅलेंडरवर होतं. एक एप्रिल जवळ येत चालला होता आणि सुगंधाची सायकल तबेल्यात गंजत होती.

“तू दुसऱ्या कुणाला तरी घेऊन जा ना शिकायला,” एका रात्री तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला. हे म्हणायला त्याला चार दिवस लागले होते.

सुगंधा तांदूळ निवडत होती. तिने एक खडा काढून बाजूला ठेवला.

“दुसऱ्या कुणाच्या भरवशावर मी नाही बसणार. तुम्ही आधी बरे व्हा. तुमच्याशिवाय काही जमायचं नाही मला.”

दुसऱ्या दिवसापासून सहदेवने दहाऐवजी पंधरा फुगे केले. चाळीची गॅलरी बावीस खोल्यांची. आधी तो एक फेरी मारायचा आणि अर्ध्यात थांबून कुणाकडे तरी वेळ विचारायचा, म्हणजे दम लागलाय असं दिसू नये. मग पाच फेऱ्या झाल्या, मग दहा. मग जिना. अण्णा खाली स्टुलावर बसून बघत राहायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, “माझ्या हाताखाली आहे.” चौथ्या आठवड्यात सहदेवला सलग दोन शिंका आल्या. दुसरीनंतर तो बराच वेळ तिसरीची वाट बघत उभा राहिला, पण ती आली नाही.

सहावा आठवडा लागला, डॉक्टरांनी छाती ठोकून पाहिली आणि हळूहळू पळायला हरकत नाही म्हणाले. एक एप्रिलला पाच दिवस उरले होते.

पहाटे दोघं तबेल्यावर पोचली तेव्हा चंद्रप्रकाश धार काढत होता. सहदेवला बघून त्याने बादली बाजूला ठेवली.

“अरे भाऊ, तब्येत ठीक? अच्छा झाला. भाभी, आज लेट? रोज तर या टाइमला पार डेअरीच्या गेटपर्यंत...”

सुगंधाने सायकलची घंटी वाजवली. जोरात वाजवली, आणि चंद्रप्रकाशचं वाक्य संपेपर्यंत वाजवतच राहिली.

“घंटी चालते का बघत होते,” ती म्हणाली. “सहा आठवडे पडून होती ना.”

सहदेवने सायकलकडे पाहिलं. सहा आठवडे पडून असलेल्या सायकलच्या साखळीला ताजं तेल होतं. त्याने पायजमा घोट्यावर दुमडला आणि कॅरियर धरला.

सुगंधाने पदर खोचला, सीटवर बसली आणि हँडल असं काही वेडंवाकडं हलवलं की पहिल्या दिवशीसुद्धा इतकं हललं नव्हतं.

“धरलंत ना हो?”

“धरलंय.”

सायकल निघाली. सहदेव मागून पळू लागला. धागा ताणलेला आहे की सैल, हे साच्यावर बोटांनी ओळखण्यात त्याचा जन्म गेला होता. विसाव्या पावलाला त्याच्या बोटांना कळलं की कॅरियरला त्यांचं काहीच काम नाही. सायकल सुतासारखी सरळ चालली होती. मधेच सुगंधाला आठवण व्हायची, मग ती थोडी डावीकडे झोकांडी द्यायची, आणि पुन्हा सरळ व्हायची. समोर खड्डा आला. तो तिने इतक्या सफाईने चुकवला की चुकवून झाल्यावर तिलाच ते जास्त झालंसं वाटलं असावं. तिने घाईघाईने एक झोकांडी दिली.

सहदेवने बोटं उचलली. आधी करंगळी, मग एकेक करत सगळी. आणखी चार पावलं तो तसाच रिकाम्या हातांनी पळाला आणि थांबला. गुडघ्यांवर हात टेकून त्याने श्वास घेतला. तो आत गेला, आणखी आत गेला, आणि कुठेही न अडकता तळाला जाऊन पोचला. सायकल वळणाजवळ गेली होती. तबेल्यातल्याच म्हशींतली एक कडेला उभी राहून दोघांकडे आळीपाळीने बघत होती.

“धरलंत ना हो?” लांबून आवाज आला.

सहदेवने दोन्ही हातांचा कर्णा केला.

“धरलंय गं.”

शंभरेक पावलांवरून आलेलं ते उत्तर सुगंधाने ऐकलं. तिने मागे वळून पाहिलं नाही.

“सोडू नका हां,” ती म्हणाली आणि वळणाआड गेली.

एक एप्रिलला पहाटे चारला नळाला पाणी आलं आणि सगळी चाळ रांगेत उभी असताना सुगंधाने जिन्याखालून सायकल बाहेर काढली. ती आदल्या रात्रीच आणून ठेवली होती. नळाखालचे हंडे भरून वाहू लागले, पण ते उचलायचं कुणाला सुचेना.

“उतारापर्यंत जरा धरता का?” सुगंधाने सगळ्यांसमोर विचारलं.

सहदेवने धरलं. उतारावर सायकल सुटली, दिव्याखालून गेली, आणि कोपऱ्यावर घंटी वाजवून दिसेनाशी झाली.

तो परत आला तेव्हा शांताबाई नळाशीच होत्या. त्यांनी हाताने कॅरियरची उंची हवेत मोजली. तोच हात सहदेवच्या फासळ्यांसमोर आणून धरला.

“जोर, नाय?” त्या म्हणाल्या.

“जोरच,” सहदेव म्हणाला. “आता निघालोय, अण्णांकडे.”

असं म्हटल्यावर जाणं भागच होतं. व्यायामशाळा उघडीच होती. अण्णांना झोप नसायची. त्यांनी कॅरमबोर्ड भिंतीला लावला आणि जागा करून दिली. सहदेवने शर्ट काढून खुंटीला अडकवला, हात जमिनीला टेकले, आणि आयुष्यातला पहिला जोर मारला.

थोड्या वेळाने तो उठून बसला. कपाळाचा घाम नाकावरून ओघळत होता.

“किती?” अण्णांनी विचारलं.

“सात.”

अण्णांनी काठी मांडीवर आडवी घेतली.

“सात,” ते हळहळून म्हणाले. “तू मोजायचासही नाहीस रे. दुखण्याने माणूस किती उतरतो बघ.”

सहदेव हसला. हसून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की कुशीत काही दुखलं नाही. खात्री करून घ्यावी म्हणून तो आणखी एकदा हसला.