शफीभाईच्या कैचीखालचा पोपट

"शफीभाई, पयले तुमच्या पोपटाचं टक्कल झाका, मंग माह्या डोक्याले हात लावा!" देवानंद नावाचं गिऱ्हाईक खुर्चीवरून अर्धं उठून बोंबललं.

"अबे, जनावर हाये थे. पिसं गळून रायले त्याचे," शफीभाई म्हने.

"मंग त्याले तेल काहून नाही लावत? आमाले त रोज कांद्याच्या तेलाची बाटली दाखवता!"

सारं सलून हासलं. शफीभाई नाही हासला. त्यानं कपाटातून थेच बाटली काढली आन माह्या पिंजऱ्याकडे आला.

मित्रांनो, थो टकला पोपट म्हंजे मी. तुमी आता हासू नका. लोकाइनं त्या दिवशी हासायचं सारं काम उरकून टाकलं.

मी एक जुना पोपट हाये, सात वर्षाचा. जन्म पातूरकडचा, एका वावराच्या धुऱ्यावरच्या, म्हंजे बांधावरच्या, आंब्याच्या ढोलीतला. अंगावर पिसं फुटायच्या आधीच एका मानसानं ढोलीत हात घातला. जोड्याच्या खोक्यात आमी तिघं भाऊ अकोल्याले निघालो. जिता पोचलो मी एकटा. उडनं काय असते, मले आजवर मालूम नाही.

शफीभाईनं मले खुर्चीच्या डोक्यावर टांगलं. मी "बैठिये, नंबर है" म्हनाले शिकलो, तसं माहं नाव झालं. लोकं दाढी असो नसो, मले पाहाले येत. येत त येत, आन हातात काहीतरी घेऊन येत. चहात बुडवलेलं टोस्ट, शेव, हिरवी मिरची. पोपटाले मिरची आवडते म्हने! कोनी इचारलं होतं मले? त्यात भर केसाचे तुकडे, पावडर, सेंटचा फवारा, सारं माह्या नाकात. आन दर दोन महिन्याले शफीभाई कैचीनं माहे पंख छाटे. म्हने, "उडून जाईल त मांजर खाईल याले." मोठा आला काळजीवाला!

आता नीट आयका. आमचे जुने पिसं दर वर्षी गळतात आन नवे येतात. झाडाचे पानं गळतात तसे. थो रोग नाही. पन टोस्ट-शेवीवर काढलेल्या सात वर्षानं माह्या अंगात जोरच नव्हता. औंदा जुने पिसं भसाभस गळले, नवे येता येईनात. दुकानाच्या टिनाच्या छपराखालची गरमी, त्यात खाज. मी बी माह्या छातीचे पिसं उपटले. खोटं काहून बोलू?

आन शफीभाईनं काय केलं? त्यानं मले पोपट म्हनून पायलंच नाही. केस गळनारं गिऱ्हाईक म्हनून पायलं. रोज सकाळी कांद्याचं तेल, वरतून बोटानं चंपी. उरलेसुरले पिसं चिपकून गेले. हवा आत जाईना, अंग भट्टीसारखं तापे. मी चोच उघडी टाकून धापा टाको, आन थो म्हने, "बघा, किती आराम वाटून रायला याले!"

पंधरा दिवसानं नवे कोंब फुटले. बारीक काडीवानी, वरतून पांढरं कवच. मले वाटलं, सुटलो बावा. पन शफीभाईनं कैची उचलली.

"कापलं म्हंजे दाट येते," थो देवानंदले सांगे. "तीस वर्षात कितीक पोरांचे जावळं काढले मी. कोनाचे केस पातळ आले, सांग!"

कच्च!

रक्ताची धार लागली. घाबरून शफीभाईनं काय लावावं? तुरटी! दाढी करताना कापलं की लावतात, थेच. आग आग झाली माही. मी जे किंचाळलो, रस्त्यावरचे लोकं थांबले.

त्याच वक्ताले त्याची पोरगी जेबा अमरावतीहून सुट्टीवर आलती. बॅग खांद्यावरच होती तिची.

"अब्बा! परिंदा है वो, गिऱ्हाईक नई!"

तिनं मले ओढनीत गुंडाळलं आन आटोत बसली. शफीभाई मांगून धावत आटोत चढला, हातात कैची तशीच.

जनावराच्या दवाखान्यात सीमा मॅडम डाक्टर होत्या. त्याइनं रक्त थांबवलं, मंग शफीभाईकडे वळल्या.

"केस मेलेला असते, कापला तरी दुखत नाही. पन नवं पीस जितं असते, त्यात रक्त वायते. तेल बंद. साधं पानी, पेरू, पालक, भिजवलेला हरभरा. आन भाऊ, देशी पोपट घरात ठेवता येत नाही. कायदा हाये. पिसं आले की वनखात्याले द्या."

"पोरासारखा पाळला मॅडम मी त्याले."

मॅडमनं माहा छाटलेला पंख फाकवून दाखवला. "पोराचे हात छाटता काय असे?"

शफीभाईनं हातातली कैची खिशात टाकली.

दोन महिने त्यानं हरभरा भिजवला, पेरू चिरला, पिंजऱ्यात पान्याची परात ठेवली. माहे पिसं आले. छातीवर हिरवे, पंखात लांब. जेबा अमरावतीले वापस गेलती. शेजारचा गुलफाम म्हने, "कोनाले सांगू नका शफीभाई. पंख छाटा आन मांगच्या खोलीत ठेवा. पोपट गेला त दुकानाची रौनक जाईल."

परवा सकाळी शफीभाईनं मले मुठीत धरलं, पंख फाकवला. दुसऱ्या हातात कैची. जिथून रक्त आलतं, तिथल्या नव्या पिसाइवरून त्यानं आंगठा फिरवला. मंग कैची ठेवली आन फोन उचलला. वनखात्याचा नंबर त्यानं सोताच लावला.

मित्रांनो, माहा राग गेला नाही. जानार बी नाही. तुमच्या घरी पोपट असन त त्याले माया लावतो म्हनून सांगू नका मले. माया माह्यावर बी होती, आन मायेनंच माहं रक्त काढलं. ज्याचं दुखनं तुमाले समजत नाही, त्याले हात लावाच्या आधी समजनाऱ्याले इचारा. आन ढोलीतला जीव ढोलीतच राहू द्या.

आता वनखात्याची गाडी दारात उभी हाये. तिथं जाळीच्या मोठ्या खोलीत उडाले शिकवतात म्हने. जमन का नाही, कोनाले मालूम. शफीभाईनं पिंजऱ्यात बोट घातलं. मी चावलो. पन जोरानं नाही.

डोये पुसू नको म्हना त्याले. ड्रायव्हर हॉर्न वाजवून रायला. मले आता निघा लागते.