शाबूत काचा

आमच्या कचेरीचं काम डोंगर किती सरकतात ते मोजण्याचं. दोन डोंगर एकमेकांना रेटतात आणि त्यांच्यामधला भ्रंश, म्हणजे जमिनीतली तुटकी रेघ, नेमका माझ्या ताईच्या गल्लीखालून जातो. तिथल्या सात भिंतींच्या भेगांवर आम्ही काचेच्या पट्ट्या सिमेंटनं चिकटवल्या होत्या. जमीन केसभर सरकली तरी काच तडकते, इतकं साधं. दर वर्षी तपासणीच्या दिवशी पट्ट्या पाहून नोंदवहीत लिहायचं काम माझं. सहा वर्षं मी सुवाच्य अक्षरात एकच शब्द लिहिला: शाबूत.

त्या नोंदींवरून साहेबांनी गल्ली सुरक्षित ठरवली. शुक्रवारी समितीची सही झाली की लोकांना दुसरीकडे हलवायचा प्रस्ताव कायमचा बासनात जाणार होता. ताईच्या स्वयंपाकघराचं दार मात्र यंदा दोनदा तासूनही लागत नव्हतं.

"तुझ्या काचा काय म्हणतात?" तिनं विचारलं.

"शाबूत आहेत."

"मग दारच खोटं बोलतंय म्हणायचं."

मी ओशाळून बाहेर आलो. कोपऱ्यावरच्या भिंतीशी आमचे मिस्त्री ओलं सिमेंट थापत होते. पायाशी तडकलेली काच पडली होती.

"हे काय, मिस्त्री?"

"उद्या तपासणी ना, भाऊसाहेब! पहिल्या वर्षी तपासणीच्या आदल्या दिवशी फुटकी काच बघून साहेब केवढे ओरडले होते, 'ही काय अवकळा!' तेव्हापासून एक फुटकी राहू दिली नाही."

"यंदा किती बदलल्या?"

"सातच्या सात," ते अभिमानानं म्हणाले.

ताजं सिमेंट मला दर वर्षी दिसत होतं. पट्ट्यांची निगा छान राखतात म्हणून मी मनातल्या मनात कौतुकही केलं होतं.

शुक्रवारी साहेबांनी अहवाल वाचला. "हालचाल शून्य. डोंगरसुद्धा आपल्या कचेरीचा मान राखतात!"

समिती हसली. मी उभा राहिलो.

"साहेब, काचा दर वर्षी बदलल्यात. फुटतात म्हणून."

"नोंदी कुणाच्या?"

"माझ्या."

"म्हणजे खोट्या?"

"हो."

समितीनं तासभर खल केला. निष्कर्ष असा निघाला: नोंदी खोट्या, त्यामुळे जमीन सरकल्याचाही पुरावा नाही. पुढची सहा वर्षं नव्यानं मोजावं. तोवर गल्ली आहे तिथेच राहील. नोंदवही माझ्याकडून काढून मिस्त्रींकडे दिली, कारण काचांची खडान्खडा माहिती त्यांनाच होती.

संध्याकाळी मान खाली घालून मी ताईला सगळं सांगितलं.

"भरसभेत म्हणालास? 'नोंदी माझ्या, खोट्या'?"

"म्हणालो. उपयोग काही झाला नाही."

"तू? चहात साखर नसली तरी मुकाट्यानं पिणारा तू?" ती आत गेली आणि ट्रंक ओढत बाहेर आली. "धर त्या बाजूची कडी."

"कुठे?"

"तुझ्या घरी. समिती गेली खड्ड्यात. तू तोंड उघडलंस, म्हणजे जमीन खरंच हललेली असणार."

आणि ट्रंक माझ्या हातात सोडून, तेच सांगायला ती तरातरा शेजारणीकडे निघाली.