एका रिंगची खूण

ट्रिंग. उन्हं कलली तरी घर निजलेलंच होतं, त्यात फोन एकदाच वाजला आणि गप्प झाला.

"कोण मेला सारखा खोड्या काढतोय," आतून सासूबाई करवादल्या. शुभांगी मात्र मटारचं ताट बाजूला सारून उठली. नाशकाच्या इंटरनेट ऑफिसातल्या तृप्तीची खूण होती ती. एक रिंग, म्हणजे तुमच्या दिंडोरीचं टपाल येऊन पडलंय, लाईन लावा.

द्राक्ष बागायतदार संघाचा मेल सर्व्हर शुभांगीच्याच बैठकीच्या खोलीत होता. फोन दिवसभर जोडून ठेवणं संघाला झेपणारं नव्हतं. म्हणून सगळ्यांचे मेल नाशकात रांगेत थांबायचे, आणि इथल्या मशीनने फोन लावून 'आमचं काही आहे का' असं विचारलं की रांग सुटायची. ही सगळी सोय तृप्तीने बसवलेली. दोघींनी एकमेकींना कधी पाहिलंसुद्धा नव्हतं.

आज फाटकाशी द्राक्षांनी भरलेला कंटेनर उभा होता. हॉलंडहून येणारं तपासणीपत्र छापून ड्रायव्हरच्या हाती दिल्याशिवाय तो हलणार नव्हता, आणि जहाज उद्या सुटणार होतं.

मोडेम किंचाळला, लाईन जुळली, तुटली. पुन्हा जुळली, पुन्हा तुटली. शेवटी शुभांगीने तृप्तीलाच फोन केला. रांगेत सगळ्यात पुढे कुणाच्या तरी लग्नाचे फोटो होते. ते अर्धे उतरले की लाईन पडायची, की पुन्हा पहिल्यापासून. पत्र बिचारं मागे अडकलेलं.

"वऱ्हाड मागच्या सीटवर बसवते, वहिनी," तृप्ती म्हणाली. "एकट्या बाईला आधी चढवू."

तिच्या मागे शटर ओढल्याचा आवाज आला. तुम्हाला घरी जायचं असेल, शुभांगी ओशाळून म्हणाली.

"तुमची गाडी निघाली की मी निघते."

आणि खरंच, पुढच्या खेपेला लाईन तुटण्याआधीच पत्र उतरलं. शुभांगीला वाटलं, इतक्या लांबून कुणी आपल्या पाठीवर हात ठेवावा तो असा. कागद छापून ती पळत फाटकाशी गेली. कंटेनर वळणाआड झाला तेव्हा परत येऊन तिने नाशकाला एकच रिंग दिली. निघ बाई आता.

चार वर्षांची मुक्ता तोवर मांडीत येऊन बसली होती. शुभांगीने तिला सगळं सांगितलं, तेव्हा तिने विचारलं, "आई, तृप्तीमावशी अजून तिथंच होती, मग तिची मुक्ता कुणाजवळ होती?"