भिंगरीचं मनगट

मुख्याध्यापिकाबाईंनी फर्मान काढलं होतं: भिंगरीच्या मेंदूची तपासणी करून रिपोर्ट आणा, नाहीतर पुढच्या वर्षी दुसरी शाळा बघा. भिंगरी हे नातीचं घरातलं लाडाचं नाव. ते शाळेत पोचलं तेव्हा शिवी होऊन बसलं.

आजीला असल्या फर्मानांचं अप्रूप नव्हतं. तिच्या धाकट्या भावाला मास्तर दोरीने बाकाच्या पायाला बांधून ठेवत आणि संध्याकाळी वडिलांकडे फुकटचा चहा पीत सांगत, "तुमचं माकड सुधारतंय हं!" माकड चौथीतच शाळेतून पळालं, ते पुन्हा म्हणून तिकडे फिरकलं नाही.

"तेव्हा दोरी होती, आता वायरी आल्या," आजी मुलाला, म्हणजे भिंगरीच्या बाबाला म्हणाली.

"आई, आता पुरे," म्हणून मुलाने फोनमध्ये डोकं खुपसलं.

तपासणीच्या खोलीत भिंगरीच्या डोक्यावर वायरींची घट्ट टोपी चढली. केसांत गार चिकट लगदा.

"आजी, मी कशी दिसते?"

"वाऱ्यात सापडलेल्या सुगरणीच्या घरट्यासारखी."

यंत्रावरच्या ताईने बजावलं, "हिरवा गोल आला की बटण दाबायचं. लाल आला की नाही दाबायचं. घरच्यांनी फोन बंद ठेवायचे आणि तोंडंही."

डॉक्टरीणबाईंनी पडद्यावरच्या रेघा दाखवत आजीला समजावलं, "'थांब' हा निरोप मेंदूच्या पुढच्या भागातून निघतो. काही मुलांत तो पोचेपर्यंत हाताने काम उरकलेलं असतं. नुसत्या या रेघांवरून काही ठरत नाही, घरचं-शाळेतलंही बघू. पण मूल मुद्दाम करतं, असं नसतं."

निदान ही माकड तरी म्हणत नाही, आजीने मनात नोंद केली.

हिरवा, हिरवा, लाल. टक! भिंगरीने जीभ चावली. पुन्हा लाल, पुन्हा टक! तेवढ्यात मुलाच्या खिशात फोन वाजला. बंद ठेवायला सांगितलेला फोन कानाला लावून, "बोला साहेब, बोला," म्हणत तो वाकून वाकून बाहेर पळाला. चाळिशीचा घोडा! आजीला वाटलं, त्या टोपीचा मोठा साइज मिळत असेल तर बघावं.

इकडे भिंगरीने डाव्या हाताने स्वतःचं उजवं मनगट पकडलं. लाल गोल आला. गोल गेला. बोट तिथेच!

"शाब्बास गं माझी वाघीण!" आजी ओरडली.

भिंगरी दचकून वळली, पडद्यावरच्या रेघांचे डोंगर झाले.

"आजी!" ताई किंचाळली. "आता सगळं पहिल्यापासून!"

"आजी," भिंगरी गंभीरपणे म्हणाली, "तुझापण निरोप उशिरा पोचतो."

आजीची रवानगी बाहेर, मुलाशेजारच्या खुर्चीवर झाली.

पुढे आणखी दोन-तीन खेपा झाल्या आणि रिपोर्ट आला. अडचण खरी आहे, उपचार सुरू केलेत. वर्गात पुढे बसवा, काम थोडं थोडं द्या, मधून उठू द्या. तो घेऊन तिघं शाळेत गेली.

"म्हणजे आम्ही म्हणत होतो तेच!" मुख्याध्यापिकाबाई पहिलं पान उलटायच्या आतच म्हणाल्या.

"पण बाई, यात लिहिलंय की—" मुलगा.

"कळलं, कळलं. काय गं, तू वर्गात मध्येच का बोलतेस?"

"बाई, मला वाटतं की मी—"

"बोलायचं तर आधी हात वर करायचा!"

भिंगरीने हात वर केला. "मी—"

"आणि वाट बघायची!"

टेबलावरचा फोन वाजला. बाईंनी तो घेतला, खिदळल्या, पलीकडच्याचं बोलणं दोनदा तोडलं, मध्येच घंटी वाजवून शिपायाला झापलं. तेवढा सगळा वेळ भिंगरीचा उजवा हात वर होता आणि डाव्या हाताने त्याचं मनगट धरलेलं होतं.

"अजून हात वरच?" फोन ठेवत बाई म्हणाल्या.

"माझं वाक्य राहिलंय. मी विसरून जाईन असं वाटतं, म्हणून आधी बोलते."

बाईंनी पुढच्या वर्षीच्या प्रवेशाचा कागद पुढे ओढला. "पहिल्या बाकावर बसवू," भीक घातल्यासारखं त्या म्हणाल्या आणि पेन उघडलं. "पण घरच्यांनीही लक्ष द्या. थांबायचं कसं, ते मुलं मोठ्यांकडे बघूनच शिकतात."

आजीच्या जिभेवर असं काही आलं, की भावाच्या मास्तरांपासूनची सगळी उधारी एका वाक्यात फिटली असती.

बाईंची सही अजून अर्धीच झाली होती.

आजीने पदराखाली आपलं मनगट घट्ट धरलं.