शेततळ्यातला समुद्र

आमचे मालक विजयसिंह कोकणात अभ्यासदौऱ्याला गेले आणि तीन दिवसांत मत्स्यतज्ज्ञ होऊन परतले. समुद्री शेवाळ माशांचं पाणी साफ ठेवतं, असं तिथे कुणीतरी सांगितलं. ते खाऱ्या पाण्याबद्दल होतं, पण तेवढं ऐकायला साहेब थांबतात कशाला! जीपभर शेवाळ आणलं आणि पाटोद्याजवळच्या आपल्या शेततळ्यात ओतलं.

त्या तळ्यातले रोहू-कटला मी आणि माझा नवरा परमेश्वर वाढवत होतो. निम्मे मासे आमचे, असं ठरलं होतं. त्यांच्या जिवावर यंदा ऊसतोडीला जायचं नव्हतं. आमच्या राजनंदिनीची दहावी घरी राहून होणार होती.

गोड्या पाण्यात ते शेवाळ चार दिवसांत कुजलं.

"सायेब, पानी लई वास मारायलंय. हे काढा," मी म्हणाले.

"दिपाली, त्याला मीठ लागतं," साहेबांनी मला शिकवलं आणि चार पोती मीठ ओतायला लावलं. पाटोद्यात समुद्र करायला निघालेला हा माणूस! हसावं की रिकामं पोतं त्याच्या डोक्यावर घालावं, मला कळेना.

सहाव्या दिवशी सकाळी साहेबांचा प्रयोग बघायला पाहुणे आले. मंडप, हार, फोटोवाला. सगळे मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करत होते.

"बघा, कसे खुशीत वर आलेत!" साहेब पाहुण्यांना म्हणाले.

टाळ्या पडल्या. त्या जिवांचा श्वास कोंडलाय, हे एकाही शहाण्याला कळलं नाही.

मी पदर खोचला, दोर धरून तळ्यात उतरले.

"अवो, मोटर सुरू करा! बगत काय बसलाव?" मी परमेश्वरवर ओरडले.

विहिरीचं पाणी धो धो पडू लागलं. मी कुजका लगदा ओंजळी भरभरून बाहेर फेकत होते. एक ढीग साहेबांच्या बुटांवर पडला. मुद्दाम टाकला नव्हता, पण वाईटही वाटलं नाही.

"निघ बाहेर! पुन्हा या तळ्यावर पाय ठेवायचा न्हाई. अन् मासे-बिसे काय मिळायचे न्हाईत!" साहेबांची सगळी शुद्ध भाषा एका दमात गळून पडली.

दुपारपर्यंत मासे खाली गेले. जगले.

पुढे साहेबांनी ते विकले. आता साहेब गावोगाव समुद्री शेवाळावर भाषणं देतात. जगलेले मासे हाच पुरावा म्हणे. शेजारच्या छबुबाईनं हे फोनवर सांगितलं तेव्हा मी साखर कारखान्याच्या तळावर, पाचटाच्या कोपीपुढे भाकरी थापत होते. राजनंदिनी फडात उसाच्या मोळ्या बांधत होती.