उत्तर येईपर्यंत बसा

मित्रांनो, पनवेलच्या एका सरकारी कचेरीच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून उभा असलेला सागवानी बाक म्हणजे मीच. "कितीही माणसं बसवा, हलणार नाही," असं माझा सुतार छाती ठोकून सांगायचा. साहेब लोकही माझं कौतुक करत. पुढे लोखंडी खुर्च्या आल्या आणि मी कोपऱ्यात गेलो. आता माझा एक पाय डुगडुगतो, पण तिकडे कोणाचं लक्ष नाही.

त्या कोपऱ्यात यंदा पावसाळाभर कृष्णाबाई बसल्या. त्या खाडीकाठच्या कोळीण. पावसात मासेमारी बंद होऊन होड्या किनाऱ्याला ओढल्यावरच त्यांना सवड मिळे. त्यांच्या कोळीवाड्याची मासळी सुकवायची जागा सरकारी म्हणून कुंपणात जाणार होती. हरकत घ्यायला मुदत होती. पण कोळीवाड्यात पाटलाचा शब्द येईपर्यंत कोणी पाऊल उचलत नाही. तसाच सरकारचाही शब्द येऊ दे, असं सगळ्यांनी ठरवलं आणि जागा कोणाची यावर सरकारचा कायदेशीर अभिप्राय मागणारा अर्ज दिला. शिपाई दर वेळी म्हणे, "उत्तर येईपर्यंत बसा." बाई बसत.

एके दिवशी नव्याने बदलून आलेल्या अधिकारी वसुंधरा मॅडमनी त्यांची चौकशी केली. ऐकताऐकता मॅडमचा चेहरा उतरला.

"मावशी, असा अभिप्राय फक्त सरकारी खात्याला मागता येतो. तोही मंत्रालयातून, विधी खात्याकडे. तुम्हाला तो मिळणारच नव्हता."

"मंग आमाला इतकं दिस बसवलं कशाला?"

मॅडम म्हणाल्या, "कोर्टात विधी सेवा समिती आहे. बायकांना तिथे वकील फुकट मिळतो. चला, मी येते."

पण हरकतीची मुदत टळून गेली होती. वकील मिळाला, दावा उभा राहिला, तोवर कुंपणही उभं राहिलं. बोंबील आता घरांच्या पत्र्यांवर वाळतात. मला फार वाईट वाटतं. पाय डुगडुगला तरी मी मोडलो नाही, म्हणूनच ना बाई इतके दिवस बसल्या?

परवा कृष्णाबाई पुन्हा आल्या. माझ्यावर मिठागरातले काळूराम अर्ज धरून बसले होते. त्यांनाही सरकारचं मतच हवं होतं.

"दादा, तू सरकारी खातं हाय का? नाय ना? मंग ऊठ. कोर्टात चल, मी दावते."

दोघं गेली. मी रिकामा झालो, आणि जन्मात पहिल्यांदा मला रिकामं होणं आवडलं.

मित्रांनो, मोठेपणी तुमच्यातलं कोणी या कचेरीत खुर्चीवर बसेल. माझा पाय तेव्हा जरूर दुरुस्त करा. पण त्याआधी माझ्यावर बसलेल्या माणसाला विचारा, तो कशाची वाट बघतोय.